ब्लॅक रॅममधल्या पियानोची जबानी

डोक्यावर ग्लास ठेवण्याआधी एकदा विचारावं, एवढीच माझी साठ वर्षांची मागणी आहे. आजवर कुणी विचारलं नाही. बिअरच्या ग्लासांची इतकी वर्तुळं माझ्या अंगावर उमटली आहेत की मूळचं लाकूड कोणत्या रंगाचं होतं हे आता मलाही आठवत नाही.

मी पियानो. ऑकरशॉ गावातल्या ‘ब्लॅक रॅम’ नावाच्या गुत्त्यात, मागच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून उभा असतो. मी बोलतोय म्हणून दचकू नका. माझ्यापेक्षा कमी शुद्धीवर असलेली माणसं या खोलीत रोज बोलतात आणि त्यांचं सगळे मान डोलावून ऐकतात.

बोलायचं आहे ते त्या गाण्याबद्दल. पहिल्या महायुद्धातले सैनिक फ्रान्सच्या चिखलातून जे म्हणत चालत गेले ते.

‘ओत चहा गं, आलोच मी, कोपऱ्यावरच आहे;
पावलं थोडी जड झाली, पण वाट घराची आहे.’

लाखो पोरांनी हे म्हटलं. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापल्या गल्लीचा कोपरा होता. आता हे गाणं कुणी रचलं यावर दोन परगण्यांत चाळीस वर्षं भांडण चाललंय. मी या खोलीतून हललेलो नाही आणि गाणं माझ्यावरच रचलं गेलं. साहजिकच, मला सोडून सगळ्यांना विचारून झालं.

माझा जन्म लंडनमधल्या एका कारखान्यात झाला. पट्ट्यांवर हस्तिदंत, आत लोखंडी चौकट, समोर मेणबत्तीसाठी पितळेचे दोन हात. माझ्या सोबतीचे बाकीचे पियानो कुणा डॉक्टरच्या दिवाणखान्यात गेले, कुणी शाळेत गेले. मला वॉल्टर डक्सबरीनं उचललं. तो ब्लॅक रॅमचा मालक. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण समोरच्या गुत्त्यात पियानो आला होता, म्हणून मी आलो.

ऑकरशॉमध्ये त्या काळी दोनच जाती होत्या. एक गुत्त्यात जाणारी आणि एक चॅपलमध्ये जाणारी. आमच्यापासून वर चढावर ‘बेथेल’ नावाचं चॅपल आहे. तिथली मंडळी आठव्या वर्षी दारू न पिण्याच्या शपथेवर सही करायची आणि पुढचं आयुष्य बाकीच्यांवर नजर ठेवण्यात घालवायची. कापडगिरणीत मात्र दोन्ही जाती एकाच भोंग्याला हजर व्हायच्या.

इनॉक फिशविक चॅपलवाल्यांतला मोठा माणूस. गिरणीत मागांवरचा जॉबर, म्हणजे मुकादम, बेथेलमध्ये हार्मोनियमवर, वर तिथल्या सभासदांचा प्रमुख. काळा कोट, ताठ मान, खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी. गावात पियानो सुरात लावणारा तो एकटाच होता. त्यामुळे त्याला गुत्त्यात यायची मुभा होती. आजारी माणसाकडे डॉक्टर जातो तसा तो माझ्याकडे यायचा, असं चॅपलनं ठरवून दिलं होतं.

मी पहिल्या वर्षी एकदा आजारी पडलो. दुसऱ्या वर्षी दोनदा. १९१२ साली मी दर गुरुवारी आजारी पडायला लागलो.

याचं कारण सांगतो. दर गुरुवारी दुपारी वॉल्टरची बायको लॉटी हातात किल्ली घेऊन यायची, माझी एखादी तार सैल करायची आणि म्हणायची, “सॉरी हं बाळा, पण त्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी श्वास घेऊ दे.” संध्याकाळी गिरणी सुटली की इनॉक मागच्या दारानं यायचा. खोलीच्या दाराला पाटी लागायची, ‘पियानोचं काम चालू आहे, शांतता राखा.’ लॉटी बारकडच्या छोट्या खिडकीतून काळ्या बिअरचा ग्लास आत सरकवायची. आमच्या अख्ख्या लँकेशर परगण्यात तेव्हा माझ्याइतका सुरात असलेला पियानो नसेल. आणि माझ्याइतका खोटा आजारीही नसेल.

पहिला ग्लास संपेपर्यंत इनॉक खरंच काम करायचा. दुसऱ्या ग्लासाला त्याची मान जरा सैल व्हायची. मग तो वाजवायला लागायचा. चॅपलमध्ये त्याची बोटं इतकी सावकाश चालायची की लोकांना दोन सुरांच्या मध्ये डुलकी लागत असे. माझ्यावर तीच बोटं नाचायची. मला तो माणूस आवडायचा, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून तुम्हाला तो आवडणार नाही.

गाणं असंच झालं. घरी बायको चहा मांडून बसलेली, आणि हा इथं दुसऱ्या ग्लासावर. तो स्वतःशीच हसून म्हणाला, “ओत चहा गं, आलोच मी.” मग त्याला चाल सापडली. पावलं जड झाली ती चिखलानं नाही हो. बिअरनं. युद्धावर मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानांनी त्या जड पावलांत सैनिकाचं अवघं दुःख पाहिलं आहे. 

आता हे लिहायचं कुठं? कागद घरी नेला तर बायको खिसे तपासते. इनॉकनं माझी पुढची फळी काढली, एकेक पट्टी उचलली आणि तिच्या लाकडी अंगावर शिसपेन्सिलीनं एकेक ओळ लिहिली. पियानो लावणारे तिथं आपलं नाव आणि तारीख लिहून ठेवतातच, त्यांची जुनी रीत आहे. यानं चौदा पट्ट्यांवर गाणं लिहिलं आणि फळी परत बसवली. पेन्सिलीच्या मला गुदगुल्या झाल्या, पण लिहिलेलं मला दिसत नाही. स्वतःचे दात कुणाला दिसतात?

हे सगळं आणखी एका माणसानं ऐकलं होतं. सेथ एंट्विसल. दर गुरुवारी घोडागाडीतून बिअरची पिंपं आणून मागच्या दारानं तळघरात उतरवणारा. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा पोरगा. त्याचं इनॉकच्या मुलीवर, केझियावर मन होतं आणि तिचंही त्याच्यावर. पिंपं वाहणारा जावई बेथेलला चालणार नव्हता, म्हणून सेथनं गाडी सोडली, कालव्यावर कोळशाच्या होड्यांवर काम धरलं आणि चोविसाव्या वर्षी, लहान पोरांच्या रांगेत उभं राहून, शपथेवर सही केली. लग्नाची तारीख ठरली.

१९१३ सालच्या उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी इनॉकनं चार ग्लास घेतले. का, ते मला माहीत नाही. मुलगी सासरी जाणार म्हणून असेल. त्याला स्टुलावरून उठता येईना. लॉटी घाबरली. तिनं कालव्यावर निरोप धाडला आणि सेथ धावत आला.

“चला काका, घरी,” सेथ म्हणाला.

“मी पियानो लावतोय,” इनॉक म्हणाला.

“लागलाय तो. आता तुम्ही जरा लागा मार्गाला.”

त्यानं म्हाताऱ्याला काखेत हात घालून मागच्या दारानं बाहेर काढलं आणि कालव्याच्या कडेनं, जिथं कुणी जात नाही त्या वाटेनं घरी नेलं. बायको आणि केझिया तेव्हा बेथेलमध्ये होत्या, म्हणून घरात कुणी पाहिलं नाही. इनॉक वाटभर तेच गाणं म्हणत होता. सेथच्या कोटावर बिअर सांडली होती. त्याला घरी सोडून सेथ आपल्या वाटेनं निघाला, तेव्हा बेथेलमधल्या एका बाईनं त्याला गाठलं. तिनं त्याला ब्लॅक रॅमच्या मागच्या दाराशीही लांबून पाहिलं होतं. आता कोटाचा वास घेतला. चॅपलच्या बाईला दारूचा वास लांबून ओळखता येतो, हा मला कायम आदराचा विषय वाटत आलाय.

रविवारी सभासदांची बैठक बसली. तिथं काय झालं ते आमच्याकडे पंधरा मिनिटांत कळलं. आमच्याकडे चॅपलमधलं सगळं पंधरा मिनिटांतच कळतं. सेथला उभं करून विचारलं, गुत्त्यात गेला होतास का? तो म्हणाला, गेलो होतो. कशासाठी? तो गप्प राहिला. प्रमुखाच्या खुर्चीवर इनॉक बसला होता. सेथनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. इनॉकनं तोंडातली पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात सरकवली आणि म्हणाला, “नियम सगळ्यांना सारखा. नाव काढावं लागेल.”

सेथचं नाव बेथेलच्या वहीतून खोडलं गेलं. केझियानं सगळ्यांसमोर अंगठी परत दिली. म्हणाली, “शपथ मोडणाऱ्याशी मला लग्न करायचं नाही.” बावीस वर्षांची होती ती, आणि बापाची मान तिनं हुबेहूब उचलली होती.

सेथ आमच्याकडे आला तेव्हा लॉटी रडत होती. “मी जाऊन सांगते खरं काय ते,” ती म्हणाली.

“नको,” सेथ म्हणाला. “तिला तिचा बाप देव वाटतो. तेवढं तरी राहू दे तिच्याकडे.”

लॉटीनं ऐकलं. त्याच्या त्या चांगुलपणाचा मला आजही राग येतो.

वर्षभरात युद्ध लागलं. सेथ पहिल्याच आठवड्यात सैन्यात गेला. जाताना त्यानं बरोबर फारसं काही नेलं नाही, एक ते गाणं मात्र नेलं. तुकडीनं उचललं, तुकडीकडून पलटणीनं, पलटणीकडून सगळ्या सैन्यानं. कुणाचं रे हे, असं विचारलं की तो म्हणायचा, “आमच्या गावातल्या एका सभ्य माणसाचं.” परत आलेल्या एकानं हे इथंच, माझ्या शेजारी उभं राहून सांगितलं. सेथ परत आला नाही. १९१६ साली गेला.

बातमी आली त्या गुरुवारी इनॉक आला. तीन वर्षांनी पहिल्यांदा. मी आजारी नव्हतो, आणि त्यानं ग्लासही घेतला नाही. त्यानं माझी अगदी खालच्या सुराची पट्टी काढली, तिच्यावर काहीतरी लिहिलं, बसवली आणि गेला. लिहिताना पेन्सिल दोनदा मोडली. काय लिहिलं, ते मला कळलं नाही. दोन वर्षांत तोही गेला. बेथेलनं त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावली, ‘शपथेला जागलेला’.

इथून पुढची कहाणी विद्वानांची आहे.

युद्ध संपल्यावर गाणं सगळ्या जगाचं झालं, मग मालक उगवायला लागले. पहिला आमचाच वॉल्टर. त्यानं माझ्यासमोर बसून, पट्ट्यांवर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि बारच्या मागे टांगला, ‘याच मालकानं इथं ते अमर गाणं रचलं.’ त्याला माझं झाकण कोणत्या बाजूनं उघडतं हे फोटोवाल्यानं दाखवलं होतं. दुसरा दावा डोंगरापलीकडून, यॉर्कशर परगण्यातल्या रॅमस्क्लफ गावातून. तिथल्या नाटकमंडळीतल्या एका गवयानं सैनिकांच्या गाडीत हे ऐकलं आणि स्वतःचं नाव व स्वतःच्या मिशा मुखपृष्ठावर टाकून छापलं. छापलंय म्हणजे खरंच असणार, असं रॅमस्क्लफचं म्हणणं.

आणि तिसरा दावा केझियाचा.

ती एकटीच म्हातारी झाली. बेथेलच्या रविवारच्या शाळेत तिनं चाळीस वर्षं शिकवलं आणि बापामागे तिथली हार्मोनियमही सांभाळली. तिचं म्हणणं साधं होतं. “युद्धाच्या आधी दोन वर्षं बाबा हे गाणं स्वयंपाकघरात गुणगुणायचे. मी कानानं ऐकलंय. त्यांनी ते रविवारच्या शाळेच्या चहापार्टीसाठी रचलं, बेथेलच्या हार्मोनियमवर.” माणूस बरोबर होता. जागा चुकली होती, एवढंच. तिघांत तीच खऱ्याच्या सर्वांत जवळ होती आणि तिचंच सर्वांत जास्त हसं व्हायचं. बापाचं नाव लागेल तेव्हाच मी डोळे मिटीन, असं ती म्हणायची.

१९६० साली समिती बसली. गाण्याच्या जन्मस्थळी पितळी पाटी लावायची, तर ते स्थळ कोणतं, याचा निकाल करायला. अध्यक्ष बेथेलचे कारभारी मिस्टर ऑर्मरॉड. सभासद दोन. एक वॉल्टरचा नातू रेग डक्सबरी, आताचा मालक. दुसरे रॅमस्क्लफचे नगरसेवक पिकल्स, त्या मिशावाल्याचे पुतणे. बैठका माझ्याच खोलीत व्हायच्या. ऑर्मरॉडसाहेब लिंबूसरबत घ्यायचे आणि ते समितीच्या कामापुरतं आत आलेत, असं दर वेळी नोंदवून घ्यायचे.

केझिया गुत्त्याचा उंबरा ओलांडत नव्हती. तिची खुर्ची बाहेर फुटपाथवर, माझ्या खिडकीखाली. अंगावर रेनकोट, डोक्यावर छत्री, आणि खिडकीतून आत आवाज. आमच्याकडे पाऊस वर्षातले तीनशे दिवस असतो. तिनं चार वर्षं अशा बैठका केल्या.

“बाई, आत या की,” रेग म्हणायचा. “पियानोशेजारी बसा, काही चावत नाही तो.”

“मी इथंच बरी आहे. मुद्दा क्रमांक तीनवर या,” ती बाहेरून म्हणायची.

पिकल्स एकदा म्हणाले, “मिस फिशविक, तुमच्या वडिलांनी लिहिलं तर एक तरी कागद दाखवा. माझ्याकडे छापील प्रत आहे.”

“तुमच्याकडे मिशा आहेत,” ती म्हणाली. “गाणं मिशांनी रचत नाहीत.”

समितीनं पुरावे तपासले म्हणजे काय केलं, ते सांगतो. भिंग घेऊन माझ्या डोक्यावरची ग्लासांची वर्तुळं तपासली. वॉल्टर जिथं बसला असेल तिथं जास्त वर्तुळं आहेत का, हे बघायला. झाकण उघडायचं कुणालाही सुचलं नाही. चार वर्षं.

शेवटी ठरलं की पाटी कुठंही लागो, समारंभात गाणं माझ्यावर वाजवायचं. वाजवून पाहिलं, तर मधली एक पट्टी अडकलेली; इनॉकनंतर मला कुणी उघडलंच नव्हतं. म्हणून शहरातून टॅटर्सल नावाचे पियानो लावणारे गृहस्थ आले. समिती बसलेलीच होती. केझिया खिडकीखाली होती. टॅटर्सलनं फळी काढली, अडकलेली पट्टी उचलली, आणि डोळ्यांजवळ नेली.

“हे काय आहे? ‘ओत चहा गं, आलोच मी’,” त्यांनी मोठ्यानं वाचलं.

 टॅटर्सलनं दुसरी काढली. तिसरी काढली. सगळ्या ओळी, काही खोडलेल्या, काही पुन्हा लिहिलेल्या. आणि सर्वांत शेवटच्या दोन-तीन पट्ट्यांवर नुसत्या तारखा. गुरुवार, गुरुवार, गुरुवार, आणि प्रत्येकीखाली इ. फि.

“एवढ्या वेळा पियानो लावला?” टॅटर्सल म्हणाले. “इतका तर राणीचाही लावत नाहीत.”

“मला दाखवा ते,” खिडकीतून आवाज आला. “बाबांचं अक्षर मी ओळखते. बाहेर आणा.”

“पावसात नाही नेता येणार, बाई. जुनं लाकूड आहे, फुगेल. तुम्ही आत या.”

छत्री मिटल्याचा आवाज आला.  मग दार उघडलं आणि केझिया फिशविक त्र्याहत्तराव्या वर्षी ब्लॅक रॅममध्ये आली. रेगनं टोपी काढली. आत आल्याबरोबर तिनं नाकानं श्वास घेतला आणि थांबली. या खोलीचा वास तिला ओळखीचा होता. लाकूड, मेण, शिळी बिअर. तिच्या बापाच्या गुरुवारच्या कोटाचा वास.

“म्हणूनच पेपरमिंट,” ती म्हणाली.

ती माझ्या स्टुलावर बसली आणि एकेक पट्टी वाचत गेली. चेहऱ्यावर आधी आनंद आला, मी पाहिला. चाळीस वर्षांचं भांडण ती जिंकली होती. ऑर्मरॉडसाहेबांचा चेहरा मात्र पडत चालला होता. मग टॅटर्सलनं खालच्या सुराची पट्टी तिच्या हातात दिली.

तिनं ती वाचली. पुन्हा वाचली. मग ती उभी राहिली आणि वर्गात पोरांना वाचून दाखवायची तशी वाचली.

“‘सेथनं कधी थेंबही घेतला नाही. त्या दिवशी तो मला घरी न्यायला आला होता. मी बोललो नाही. इनॉक फिशविक, १९१६.’”

मला तेव्हा कळलं, मी अठ्ठेचाळीस वर्षं अंगात काय घेऊन उभा होतो.

केझिया खाली बसली. रडली नाही. म्हणाली, “मी त्याला अंगठी फेकून दिली होती. हातात नाही दिली. फेकली.” थोड्या वेळानं म्हणाली, “आणि तो खाली वाकून शोधत बसला, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून.”

मग तिनं समितीकडे पाहिलं. “लिहून घ्या. गाणं माझ्या वडिलांनी रचलं. इथं, या गुत्त्यात, बिअर पीत, दर गुरुवारी. आणि ते जगात नेलं सेथ एंट्विसलनं, ज्याला आम्ही खोटं ठरवलं. पाटीवर हे सगळं यायला हवं.”

आता तुम्हाला वाटेल, समितीला आनंद झाला असेल. चार वर्षं शोधत होते ते समोर होतं, अक्षरासह, तारखेसह.

ऑर्मरॉडसाहेब म्हणाले, “असलं काही बाहेर गेलं तर बेथेलमधली ती संगमरवरी पाटी काय करायची? अक्षर कुणाचंही असू शकतं.”

रेग म्हणाला, “बाई, माझा आजोबा भिंतीवर आहे. लोक त्याच्याखाली बसून फोटो काढतात. त्यांना काय सांगू?”

पिकल्स म्हणाले, “मुख्य म्हणजे हे लँकेशरमध्ये निघतंय. त्याला माझी मान्यता नाही.”

चार वर्षांत समितीचं पहिल्यांदाच एकमत झालं. खरं तिघांनाही सोयीचं नव्हतं, त्यामुळे ते तिघांनी मिळून नामंजूर केलं. पाटी लागली आहे, बघून या. दोन्ही गावांच्या हद्दीवर, डोंगरमाथ्यावरच्या बसथांब्याला. ‘हे गाणं याच परिसरात रचलं गेलं असावं, असे मानण्यास जागा आहे.’ तिथं बस दिवसातून दोनदा थांबते. बाकी वेळ मेंढ्या वाचतात.

केझियानं पाटीसाठी पुन्हा शब्द काढला नाही. तिनं टॅटर्सलकडून खालची पट्टी मागून घेतली, रेनकोटच्या आत धरली आणि रविवारी बेथेलमध्ये नेली. माझा एक दात चॅपलला जाऊन आला म्हणा. काय झालं ते अर्थात पंधरा मिनिटांत कळलं.

प्रार्थना संपल्यावर ती उभी राहिली, सगळ्यांसमोर ती पट्टी वाचली आणि म्हणाली, “सेथ एंट्विसलचं नाव वहीत परत लिहा.”

ऑर्मरॉडसाहेब म्हणाले, “मिस फिशविक, मेलेल्या माणसाला सभासद करून घ्यायची तरतूद नाही.”

“करून घेऊ नका. तो होताच. तुम्ही फक्त रेघ पुसा. आमच्या घरानं मारलेली आहे, मीच पुसायला सांगतेय.”

“आणि तुमच्या वडिलांचं?” मागून कुणीतरी विचारलं.

“बाबांचं काय करायचं ते मी घरी बघते,” ती म्हणाली.

नाव लिहिलं गेलं. शाई वाळेपर्यंत ती तिथंच उभी होती म्हणे.

पट्टी परत आली आणि टॅटर्सलनं बसवली. पावसात थोडी फुगली आहे. दाबली की सावकाश वर येते. मला त्याचं काही नाही.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी, गिरणीचा भोंगा झाल्यावर, मागचं दार उघडलं. केझिया. समोरच्या दारानं नाही, मागच्या. तिनं रेनकोट टांगला, स्टूल ओढलं आणि बसली. रेग गडबडीनं आला.

“काय देऊ, बाई?”

“चहा.”

“चहा? इथं?” मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं. “वर घरात आहे. आणतो.”

“दोन कप आण.”

“अजून कुणी यायचंय का?”

तिनं माझं झाकण उघडलं. “कोपऱ्यावरच आहे,” ती म्हणाली.

रेगनं दोन कप आणले. बशा आणायला विसरला. डक्सबरी घराणं पहिल्यापासूनच तसं. तिनं दोन्ही कप माझ्या डोक्यावर ठेवले, शेजारी शेजारी, आणि वाजवायला लागली. हार्मोनियमवाल्यांची बोटं, फार सावकाश. इतक्या सावकाश ते गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. एक कप तिनं नंतर प्यायला. दुसरा गार होऊ दिला.

ती आता दर गुरुवारी येते. त्या दिवशी खोलीच्या दाराला जुनी पाटी लागते, रेगनंच ती शोधून काढली. बाहेरचे कुणी विचारतात, आत काय चाललंय? रेग म्हणतो, “पियानोचं काम.” त्यानं आजोबांचा फोटो अजून काढलेला नाही, पण त्याच्याखालचं वाक्य काढलंय. एवढी सुधारणाही आमच्याकडे पुष्कळ झाली.

माझं आता वय झालंय. नवीन मालक आले तर मला विकतील, किंवा फोडून शेकोटीला घालतील. त्याआधी कुणीतरी हौशी माणूस कापड आणि पॉलिश घेऊन येईलच, डाग काढायला. काढा. बिअरची सगळी वर्तुळं काढा, वॉल्टरच्या फोटोवाल्यानं तिकाटणं टेकवलं तो ओरखडाही काढा, मी आभार मानीन.

पण माझ्या डोक्यावर डाव्या बाजूला, जिथं खालचे सूर आहेत तिथं, चहाची दोन वर्तुळं आहेत, एकमेकांना लागून. एक जरा फिकट, एक गडद, कारण तो कप जास्त वेळ भरलेला राहतो. तेवढी सोडा. मला न विचारता ठेवलेले कप होते ते, पण विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.